उजवा बाण आधी झिजतो

कॉन्ट्रा खेळून खेळून आलेला कंट्रोलर ओळखायला तो टीव्हीला जोडावा लागत नाही. मागचे स्क्रू काढायचे, आतला रबर काढून उलटा करायचा आणि उजेडात धरायचा. बाणाच्या चार काळ्या टिकल्यांपैकी उजवी घासून करडी पडलेली असते आणि डावी नवी करकरीत. त्या खेळातला माणूस उजवीकडे पळत सुटतो, मागे फिरायचं त्याला कारणच पडत नाही. मारिओचंही तेच. कॉन्ट्रात बी बटणाची टिकली गेलेली असली तर लेकरू गोळ्या झाडणारं, ए ची गेलेली असली तर उड्या मारणारं.

धर्माबादेत स्टेशनकडून मोंढ्याकडे जाताना माझं दुरुस्तीचं दुकान लागतं. नांदेडच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला आणि ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर उघडायला बसलो. व्हिडिओ गेम कोर्सात नव्हते. ते दुकानात आले, आणि आले ते मोडूनच आले. त्यामुळे या खेळांचा इतिहास मला उलट्या बाजूने ठाऊक आहे. कोणतं मशीन कुणी काढलं, कधी काढलं, हे छापील मिळतं. आमच्या लेकरांनी ते कसं वापरलं, हे मात्र झिजेवरून वाचावं लागतं. मशीन तसं वर्षानुवर्षं बिघडत नाही. परत येतात त्या दोनच वस्तू, हातातला कंट्रोलर आणि कानावरचा हेडफोन.

गावाचं एक सांगून टाकतो. धर्माबाद मिरचीचं गाव. हंगामात लाल मिरचीचे ढीग पडतात, देठं खुडायला बाया ओळीने बसतात, आणि हवेत जो तिखट धुरळा उठतो तो पंख्याच्या, टीव्हीच्या, कॉम्प्युटरच्या पोटात जाऊन बसतो. इथला कंट्रोलर उघडला की आधी शिंक येते. निजामाबादहून आलेला उघडला तर येत नाही. गिऱ्हाईक कुठलं, हे मला पुष्कळदा नाक सांगतं.

हातातली वस्तू मूळची जपानची. अधिकच्या चिन्हासारखं दिसणारं ते बाणाचं बटण गुनपेई योकोई या माणसाने १९८२ साली निन्टेंडोच्या ‘डाँकी काँग’च्या हातात मावणाऱ्या खेळात बसवलं. हा योकोई निन्टेंडोत १९६५ साली लागला तो पत्ते बनवणाऱ्या कारखान्यातली यंत्रं सांभाळायला. म्हणजे आमच्याच जातकुळीतला, आणि त्याच्या बटणात ती अक्कल दिसते. आधीची दांडी उभी. अडकायची, वाकायची, मोडायची. योकोईने खाली चार संपर्क ठेवले, मधोमध टेकू दिला, त्यामुळे एकाच वेळी डावा-उजवा असे दोन्ही दाबलेच जात नाहीत. मोडायला जागा कमी ठेवणं हे काम ज्याने मोडलेलं हाताळलंय त्यालाच सुचतं.

१५ जुलै १९८३ ला जपानमध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम बाजारात आला. पहिल्या मशीनांवर ए आणि बी ही बटणं चौकोनी, रबराची होती. चौकोनी बटण तिरपं दाबलं की कोपऱ्यात अडकतं. कंपनीने पुढे ती गोल केली. दुसऱ्या कंट्रोलरवर तर स्टार्ट-सिलेक्ट नव्हतीच. त्या जागी चक्क माइक होता, आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीसकट. १९८६ च्या ‘झेल्डा’त लांब कानांचा एक शत्रू असे, माइकमध्ये ओरडलं की तो मरे. अमेरिकेत हेच मशीन वेगळ्या पेटीत गेलं तेव्हा माइक काढून टाकला, पण पुस्तिकेत ‘याला मोठा आवाज सहन होत नाही’ अशा अर्थाची ओळ तशीच राहिली. ओरडून तिथे काहीच होत नव्हतं. सांगायचं इतकंच की खेळाचा कंट्रोलर आणि माइक यांचं लग्न इंटरनेटच्या फार आधी लागलं होतं, मोडलंही लवकरच.

आमच्याकडे जे आलं त्यात माइक नव्हता. परवान्याने विकला जाणारा अस्सल माल ‘समुराई’ या नावाने भारतात आला होता खरा, पण मोंढ्यातल्या एखाद्या अडत्याच्या घरी असला तर असला. बाकी गाव खेळलं ते नकलांवर. ‘मीडिया’ नावाचं मशीन घरोघर होतं आणि त्याची चुलतभावंडंही. माल हैदराबादहून यायचा. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, हैदराबाद–मनमाड रेल्वे आमच्या दारातून गेली. तेव्हापासून इथली मिरची त्या बाजूला जाते आणि तिथलं जे काय नवं असेल ते या बाजूला येतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आम्हाला नावाने माहीत. माझा खरा बाजार कोटीतली गुजराती गल्ली: रेझिस्टन्स, पिना, माइकच्या टिकल्या, रबरं, सगळं किलोवर आणि ढिगावर.

या मशीनची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी लावायची. हैदराबादच्या ईसीआयएलचे ईसी टीव्ही आमच्या भागात दिसत. त्यांची ट्यूनिंगची कळ हळूहळू फिरवत मुंग्यांतून चित्र शोधावं लागे. बंदूकही मिळायची, बदकं मारायची. तिच्यातून काहीच बाहेर पडत नाही. उलट ती बघते. खटका दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतल्या डोळ्याला तो दिसला तर बदक मेलं. जुन्या काचेच्या टीव्हीवरच हे जमतं. आता कुणी हौसेने बापाची बंदूक घेऊन येतं आणि चपट्या टीव्हीवर चालेना म्हणतं, तेव्हा बंदूक चांगली आहे हे पटवायला मला बराच वेळ लागतो.

कंट्रोलरमध्ये बटणं आठ, पण वायरीत तारा पाच. मला हे फार आवडायचं. एक तार वीज आणते, एक परत नेते. तिसरीवरून मशीन हुकूम देतं की आत्ता काय काय दाबलंय ते धरून ठेव. चौथीवर टिकटिक चालते आणि प्रत्येक टिकीला पाचवीवरून एकेका बटणाचा जबाब येतो. दर सेकंदाला पन्नास-साठ वेळा ही हजेरी. जपानी मालात त्यासाठी वेगळी आयसी असे, आमच्या नकलांत काळ्या लाखेचा एक थेंब. थेंब गेला तर कंट्रोलर गेला. तो क्वचितच जाई. जायची ती वायर, आणि तीही एकाच जागी: जिथे ती कंट्रोलरच्या मानेतून बाहेर पडते. कारण खेळ संपला की लेकरं वायर कंट्रोलरलाच गुंडाळून ठेवत. बोटभर वायर कापून टाकायची आणि पाच डाग नव्याने द्यायचे. रंगांवर विसंबता येत नसे. एकीत पिवळी वीज, दुसरीत पिवळी जबाब. मीटरची पीप ऐकत एकेक तार शोधावी लागे.

आणि रबराच्या टिकल्या. वरचं काजळीसारखं कार्बन गेलं की बटण दाबूनही दाबलं जात नाही. “मामा, उजवीकडं जाईना झालाय,” हे वाक्य मी किती ऐकलं असेल. स्पिरिटने पुसून बघायचं. नाही झालं तर जाड शिसाची पेन्सिल टिकलीवर घासायची, म्हणजे चार-सहा आठवडे चालते. पक्का इलाज सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचा. त्या कागदाची टिकलीएवढी चकती कापून, कागदाची बाजू रबराला चिकटवून, चांदी खाली ठेवायची. समोरच्या पानटपरीवाल्याला वाटायचं मी सिगारेटी सोडाव्यात आणि पाकिटं मात्र रोज न्यावीत हे काय! चांदीचं बटण नव्यापेक्षा हलकं चालतं. दुरुस्त कंट्रोलर भावाने घ्यायचा आणि नवा बहिणीला द्यायचा, अशी घरोघरची वाटणी मी पाहिली आहे.

डावी टिकली नवी असते म्हणालो, पण अगदीच कोरी नसायची. तिच्यावर जी काय थोडी खूण दिसे ती तीस लाइफच्या कोडची. वर वर, खाली खाली, डावा उजवा डावा उजवा, बी ए. काझुहिसा हाशिमोतो या माणसाने १९८६ साली ‘ग्रेडियस’ खेळ तपासताना तो स्वतःलाच जड जातो म्हणून ही पळवाट आत ठेवली आणि ती मोडायची राहून गेली. पुढे कॉन्ट्रात तीच आली. बाराखडी न येणाऱ्या लेकरांना हा कोड येत होता.

घरातल्या मशीनाबरोबरच गावात दुकानातली मशीनं आली. उभी लाकडी पेटी, एक रुपया टाकायची खाच, आणि खेळ म्हणजे मुस्तफा. पाटीवर ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ असं लिहिलेलं असे, कॅपकॉमचा १९९३ चा. पण पिवळ्या टोपीतला, उडी मारून लाथ घालणारा मुस्तफा त्यात होता आणि सगळ्यांना तोच हवा असे. तो गोष्टीत इंजिनिअर आहे, हे सांगितल्यावर कुणी ऐकून घेत नसे. आमच्या गावात मुस्तफा नावाची खरी माणसंही होती, त्यांना त्या वर्षांत फार सहन करावं लागलं.

या पेटीतली दांडी भक्कम, तिच्या बुडाशी चार खटके. त्यातही उजवा आधी जायचा. पण खरा बिघाड नाण्याच्या खाचेत. दोऱ्याला बांधलेलं नाणं ही जुनी युक्ती. नवी युक्ती गॅस पेटवायच्या लायटरची: खाचेच्या पत्र्याला लायटर लावून ठिणगी पाडली की मशीनला वाटायचं पैसे पडले, आणि क्रेडिट चढायचं. कधी मशीनच बेशुद्ध पडायचं. मग मालक मला बोलावणार, आणि मी खाचेला जमिनीची तार जोडून देणार. स्वयंपाकघरातले लायटर त्या दिवसांत गावात फार हरवत.

तिथे माइक नव्हता आणि कुणाला त्याची उणीवही भासत नव्हती. एका पेटीपुढे तिघं खेळायचे आणि सातजण मागे उभे राहून सांगायचे. आवाज इतका की शेजारच्या कापडवाल्याने मध्ये प्लायवूड ठोकलं.

कानावरचा, माइकवाला हेडफोन धर्माबादेत आला तो खेळासाठी आलाच नाही. त्याचं वय खेळापेक्षा कितीतरी जास्त. त्याच्या टोकाची पिन एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. ऑपरेटर पाटीवरच्या भोकांत ती खुपसून गावाला गाव जोडत. डोक्यावर बसणारी जोडी नॅथनिएल बाल्डविन याने अमेरिकेत यूटा राज्यात घरच्या स्वयंपाकघरात तयार केली आणि १९१० च्या सुमारास ती तिथल्या आरमाराला विकली. तोंडापुढचा शेंगदाण्याएवढा माइक, ज्याला आम्ही कंडेन्सर माइक म्हणतो, तो बेल लॅबच्या सेसलर आणि वेस्ट या दोघांचा, १९६२ चा. हे तिन्ही जोडून झालेली वस्तू आमच्या गावच्या सायबर कॅफेत पोचली ती आखाती देशांमुळे. पलीकडच्या निजामाबादेतून आणि अलीकडच्या गावांतूनही पोरं दुबई, मस्कतला मजुरीला गेलेली. १ एप्रिल २००२ पासून सरकारने इंटरनेटवरून टेलिफोनला परवानगी दिली. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरशी बोलणं त्याआधीही चालेच. फोनच्या मिनिटाच्या पैशांत कॅफेत अर्धा तास मिळायचा. त्यासाठी मालकाने हेडफोन आणले, हिरवी पिन ऐकायची आणि गुलाबी पिन बोलायची.

हे पहिले हेडफोन सगळे एकाच जागी मोडून आले: माइकच्या दांडीची बिजागरी. मला आधी कळेना. कॅफेत जाऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. म्हाताऱ्या बाया हेडफोन डोक्यावर चढवत, तो पदरावरून घसरे, मग एका हाताने तो दाबून धरत आणि दुसऱ्या हाताने माइकची दांडी मुठीत घेऊन तोंडाशी ओढत. मुलगा दूर, म्हणून आवाज मोठा. अख्ख्या कॅफेला कळायचं की म्हैस व्याली, धाकटीचं जमलं, मामाने बांध कोरला. दांडीला मी सायकलच्या ताडीचा तुकडा बांधून द्यायचो. माइकच मेला असेल तर भंगारातल्या टू-इन-वनमधून काढलेला बसवायचो. त्याला दोन पाय असतात आणि ते उलटे जोडले तर आवाज जात नाही, कारण त्याच्या पोटात एक छोटा ट्रान्झिस्टर असतो आणि त्याला कॉम्प्युटरकडून एका दिशेने वीज लागते.

मग वर्षा-दोन वर्षांत मोडण्याची जागा बदलली. आता डोक्यावरची पट्टी मधोमध चिरून यायची आणि कानाच्या गाद्या घामाने कुजलेल्या. मालकाला विचारावंच लागलं नाही, कॅफेत काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा खेळ आला होता. हरलं की पोरं हेडफोन ओढून टेबलावर आपटतात; पट्टी त्यानेच चिरते. चारपाच कॉम्प्युटर वायरीने एकमेकांना जोडलेले, ‘डस्ट टू’ हा नकाशा, लोडशेडिंगच्या वेळा बघून लावलेले सामने. सगळे एकाच खोलीत, मग माइकमध्ये बोलायचं कुणाशी? ओरडलं की झालं: “बॉम्ब बी ला ठेवलाय, पळ!” हे शत्रूलाही ऐकू जायचं, आणि त्यावरून जी भांडणं व्हायची ती खेळापेक्षा रंगायची. हेडफोन लागे तो पावलांसाठी. डाव्या कानात पाऊल वाजलं की डावीकडे वळायचं. पैसे कमी असले की एक हेडफोन दोघांत, एकेक कान. म्हणजे दोघंही अर्धे बहिरे. शेवटी मालकाने वैतागून माझ्याकडून माइकच्या दांड्या कापून घेतल्या. तोवर आखातातल्या पोरांकडे स्वस्त मोबाइल आले होते आणि म्हाताऱ्या घरूनच बोलत होत्या.

तिकडे अमेरिकेत नेमकं उलट चाललं होतं. ‘रॉजर विल्को’ नावाचा प्रोग्रॅम १९९९ पासून खेळाडूंना एकमेकांशी बोलू देत होता. नोव्हेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन खेळायची सेवा काढली तेव्हा वर्गणीच्या पेटीतच कंट्रोलरला खोचायचा हेडसेट दिला. कारण साधं: तिथली पोरं आपापल्या घरात, एकेकटी. ज्या वर्षी तिकडे खेळात माइक घातला जात होता, त्याच्या पुढेमागेच आम्ही इकडे तो कापत होतो. मागासलेपण म्हणून हे कुणी लिहीत असेल तर लिहो. आमची पोरं एकाच खोलीत होती.

मधल्या काळातल्या दोन गोष्टी पटकन सांगतो. जुलै २०१० मध्ये गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याच्या महाराष्ट्र-आंध्र वादात आंध्रचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आणि त्यांच्या आमदारांना इथे अटक झाली, आयटीआयमध्ये ठेवलं, आणि गाव पोलिसांनी आणि तेलुगू चॅनलवाल्यांनी भरून गेलं. खेळाशी याचा संबंध नाही. पण कॅमेरावाल्यांचे इअरफोन मी तेव्हा जुळवून दिले आणि त्यांची पिन पाहून हळहळलो. इतकं चांगलं पितळ मी त्याआधी उघडलं नव्हतं. दुसरी गोष्ट बासरची. पुढचंच स्टेशन, सीमेपलीकडचं, सरस्वतीच्या देवळाचं. तिथे २००८ साली राजीव गांधींच्या नावाचं तंत्रज्ञान विद्यापीठ निघालं, लोक त्याला बासर आयआयआयटी म्हणतात. खेड्यापाड्यांतली हुशार पोरं, हातात लॅपटॉप. त्यांच्यातले काही हेडफोन घेऊन माझ्याकडे येत, तेलुगूत आपसात बोलत आणि माझ्याशी हिंदीत. त्यांच्या हेडफोनचा माइक झिजलेला असे, पट्टी शाबूत. हॉस्टेलमध्ये आपटायची सोय नाही. मित्र झोपलेले असतात.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल हा फोनवरचा खेळ, आणि माझ्या टेबलावर इअरफोनचा असा ढीग लागला की रेडिओ ठेवायला जागा उरेना. आता चौघांचा चमू, पण चौघं चार गावांत. पहिल्यांदाच धर्माबादेत माइकशिवाय खेळता येईना. आणि पहिल्यांदाच इअरफोन नव्या जागी मोडू लागले: पिनेच्या मुळाशी, अगदी टोकाला. फोन आडवा धरला की सरळ पिन तळहातात रुतते. खेळ रंगला की मूठ आवळली जाते, पिन वाकते, आत तार तुटते. गाणी ऐकणाऱ्याचा इअरफोन कानाशी तुटतो, खेळणाऱ्याचा पिनेशी. इलाज एकच, काटकोनात वळलेली एल पिन. गुजराती गल्लीतून मी त्या पिशवीने आणवल्या.

ती जोडणं सोपं नाही. इअरफोनच्या आतली तार केसासारखी बारीक, रेशमी धाग्यात गुंफलेली आणि रंगाच्या थराने मढवलेली. तांबडी उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची, तांब्याच्या रंगाची परतीची, आणखी एक माइकची. थर न जाळता डाग दिला तर कथील नुसतं बसतं, वीज जात नाही. लायटरची ज्योत दाखवली तर धागाच पेटतो. म्हणून सोल्डरच्या टोकावर कथिलाचा मोठा थेंब घ्यायचा, राळेत बुडवलेली तार त्यात धरायची आणि धूर निघेपर्यंत थांबायचं. थर जळून चंदेरी टोक निघतं. त्या धुराला मिरचीचा धुरळा बरा.

आणखी एक गंमत त्या काळात रोज यायची. “काका, गाण्यातला गाणारा गायब झालाय, नुसती वाजंत्री ऐकू येते.” इअरफोन चांगला, फोनही चांगला. चार कड्यांच्या पिनेत माइक आणि परतीची तार यांच्या जागा दोन तऱ्हेच्या असत. जुन्या कित्येक फोनांची एक, नव्यांची दुसरी. त्या उलट्या पडल्या की दोन्ही कानांत सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं, आणि गाणारा नेमका मध्ये उभा असतो. माइकचं बटण दाबून धरलं की तो परत येतो. खेळात मात्र पावलं गायब व्हायची, म्हणजे मरणच. दोन तारांची अदलाबदल करून द्यायची, पाच मिनिटांचं काम. पोरांना ती जादू वाटे आणि मी ती वाटू देत असे.

याच दिवसांत कंट्रोलरही नव्या रूपात आला: फोनच्या वरच्या कडेला चिमट्यासारखे लावायचे दोन खटके. दाबले की आतली धातूची जीभ पडद्याला टेकते आणि पडद्याला वाटतं बोट लागलं. उजवा गोळीचा, डावा नेम धरायचा. मोडून कोणता येई ते सांगायला नको.

काही मुलीही यायच्या. त्यांच्या इअरफोनची पिन पोरांसारखीच वाकलेली, म्हणजे खेळ तितकाच जोरात; पण माइकच्या भोकाभोवती बोटांचा काळा मळ असतो तो नसायचा. भोक स्वच्छ. एकीला विचारलं तर म्हणाली, आवाज मुलीचा आहे हे कळलं की अनोळखी लोक काहीही बोलतात, म्हणून माइक बंदच. चमूतल्यांना ती मुलगा वाटत होती आणि नेम चांगला म्हणून मान होता.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये तेलंगणाची सीमा बंद झाली. बासरचा रस्ता अडवलेला, गाड्या थांबलेल्या. दुकान अर्धं शटर ओढून चालायचं. आमच्या पोरांचे चमू सीमेच्या दोन्ही अंगांचे, कारण मामा, आत्या, मावशा दोन्ही अंगांना. मी डाग देत असताना पोरगं समोर बसून दुरुस्त इअरफोन तपासायचं: “अन्ना, आवाज यायलाय का? पिछे देख रे, पिछे!” तीन भाषा एका श्वासात. मोंढ्यातला हमाल असंच बोलतो, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही; पुण्याहून आलेल्या एका भाच्याला मात्र त्यातलं निम्मं कळेना आणि तो चमूतून हाकलला गेला.

आईबापांचा राग माझ्यावर निघे, जणू मी इअरफोन दुरुस्त केला नाही तर पोरगं पुस्तक उघडेल. २०१९ साली मुंबईतल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात पबजी बंद करा म्हणून याचिका केली होती, ती बातमी कापून एका मास्तरांनी माझ्या काचेवर चिकटवली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ चिनी अॅप बंद केली, त्यात पबजी गेलं. तेव्हा ढीग खरंच ओसरला. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नाव बदलून बीजीएमआय म्हणून आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. सरकारचे हे हुकूम मला वर्तमानपत्राआधी एल पिनांच्या पिशवीवरून कळायचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स वेगळे काढून त्यांना मान्यता दिली. मास्तरांची बातमी अजून काचेवर आहे, उन्हाने वाचेनाशी झालेली.

आता दोन दांड्यांचे कंट्रोलर येतात, सोनीच्या १९९७ च्या ड्युअल शॉकच्या वळणाचे. त्यांचं दुखणं म्हणजे हात न लावता खेळातला माणूस एकीकडे चालू लागतो. दांडीच्या दोन बाजूंना दोन पोटेन्शियोमीटर असतात, टेपरेकॉर्डरच्या आवाजाच्या कळीत असायचा तोच कार्बनचा पट्टा, फक्त नखाएवढा. दांडी मधल्या जागी सर्वांत जास्त घासते, तिथलाच कार्बन उडतो. एका दांडीचे चौदा डाग काढायचे आणि नवी बसवायची. हल्ली चुंबकाच्या दांड्या मिळतात, त्यांना हॉल म्हणतात; काही घासतच नाही. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये त्या १९९८ लाच होत्या, पण महाग पडतात म्हणून कंपन्यांनी कार्बनच चालू ठेवला. माझा धंदा त्याच काटकसरीवर चाललाय, म्हणून तक्रार करत नाही.

तक्रार आहे ती बिनवायरच्या इअरबडबद्दल. जोड सगळा गोंदाने बंद. ब्लेडने उघडला तर आत हरभऱ्याएवढी बॅटरी, तिच्या तारा चिकटलेल्या, आणि परत बंद केला की कानात बसत नाही. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पुढे पोर्टलही काढलं. गोंद काही सुटला नाही. त्यातून एक वेगळंच काम मात्र निघालं. पोरं एक बड हरवतात आणि दुसरा घेऊन येतात. मी तो एका डबीत ठेवतो, कंपनी आणि मॉडेल लिहिलेली चिठ्ठी लावून. त्याच मॉडेलचा दुसऱ्या कानाचा आला की दोन्ही एकत्र दाबून धरून त्यांची जोडी लावून देतो आणि दोघांपैकी ज्याला हवी त्याला विकतो. तालुक्याबाहेरूनही लोक विचारायला येतात. सध्या डबीत डावे जास्त आहेत.